प्रबंधाची रोजकीर्द

पीएच.डी.साठी नोंदणी केलेला विद्यार्थी विभागात येईनासा होतो, याचा बोभाटा कधीच होत नाही. पहिल्या वर्षी तो दर आठवड्याला येतो, ग्रंथालयात बसतो, चर्चासत्रांना हजेरी लावतो. दुसऱ्या वर्षी त्याच्या फेऱ्या विरळ होतात. तिसऱ्या वर्षी अन्य कामासाठी विद्यापीठात आलाच, तर विभागाच्या दारावरून जाण्याचे टाळून मागच्या जिन्याने जातो. मार्गदर्शक समोर आलेच, तर 'लिहितो आहे, सर' एवढे म्हणून सुटका करून घेतो. पूर्ण झालेले प्रबंध आता 'शोधगंगा'वर कोणालाही पाहता येतात. न झालेल्या प्रबंधांची नोंद मात्र कोणत्याच सूचीत होत नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडील एका विद्यार्थिनीने नोंदणी रद्द करण्याचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. तिचा विषय चांगला होता, वाचन चोख होते आणि तीन प्रकरणांचा कच्चा खर्डाही तयार होता. कारणाच्या रकान्यात तिने 'वैयक्तिक अडचणी' असे लिहिले होते. मी सही केली. ती गेल्यानंतर या प्रश्नाकडे मी नव्याने पाहू लागलो. त्या विचारांची मांडणी करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

अशा प्रसंगी आपण सहजपणे एक निदान करून मोकळे होतो : 'चिकाटी कमी पडली.' हे निदान मला मान्य नाही. माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : प्रेरणा आटते आणि म्हणून प्रबंध रखडतो, असे नाही, प्रबंध आधी रखडतो आणि मग प्रेरणा आटते. रोज पुरे करता येईल असे कामाचे माप विद्यार्थ्याला कोणी ठरवून दिलेले नसते आणि अपुरे लेखन घेऊन जाता येईल अशी जागा त्याला नसते. या दोन उणिवांपैकी पहिली विद्यार्थ्याला काही अंशी स्वतः भरून काढता येते. दुसरी सर्वस्वी आपली, म्हणजे मार्गदर्शकांची आणि विभागांची आहे.

१

संशोधनाविषयी बोलताना आपली भाषा आपोआप तपश्चर्येची होते. संशोधन पद्धतीच्या पहिल्याच व्याख्यानात आपण इतिहासाचार्य राजवाड्यांचे उदाहरण देतो. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथून १९२६ मध्ये झालेल्या निधनापर्यंत या माणसाने कागदपत्रांच्या शोधार्थ केलेली वणवण, १९१० मध्ये पुण्यात स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ, व्याकरणापासून समाजशास्त्रापर्यंत चौफेर पसरलेली त्यांची जिज्ञासा, हे सर्व ऐकून विद्यार्थी भारावतो. भारावणे वाईट नाही. परंतु त्याच संध्याकाळी तो घरी जातो, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या दोन महाविद्यालयांतील तासिका, मुलाचा ताप आणि बसचे वेळापत्रक यांतून त्याला फार तर पाऊण तास मिळणार असतो. त्या पाऊण तासात राजवाडे होता येत नाही. मग 'सुटीत सलग बसू' असे तो ठरवतो. सुटी येते, परीक्षेच्या उत्तरपत्रिकाही येतात.

राजवाड्यांच्या चरित्रातील दुसरी बाजू आपण वर्गात क्वचितच सांगतो. त्यांनी जमविलेल्या सामग्रीपैकी आणि योजिलेल्या कामांपैकी बरेच काही त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. त्यांचा धातुकोश त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. हे त्यांचे न्यून म्हणून मी सांगत नाही. त्यांच्यासारख्या माणसाचे अपुरे कामही पुढच्या पिढ्यांना पुरते. पण ठरलेल्या मुदतीत एका मर्यादित विषयावर अडीचशे-तीनशे पाने लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा आदर्श ठेवणे म्हणजे त्याला प्रेरणा देण्याऐवजी शरमेची तरतूद करून देणे होय.

ही शरम मी भोगली आहे. माझ्या प्रबंधाचा विषय 'विविधज्ञानविस्तार' मासिकातील ग्रंथपरीक्षणे हा होता. १८६७ मध्ये सुरू झालेले हे मासिक सुमारे सत्तर वर्षे चालले. त्याचे अंक निरनिराळ्या ग्रंथालयांतून विखुरलेले. मी गावोगावी हिंडलो, पिवळ्या पडलेल्या पानांच्या छायाप्रती काढल्या, त्यांचे गठ्ठे बांधले. गठ्ठा वाढला की काम वाढल्याचे समाधान मिळे. तिसऱ्या वर्षी छायाप्रतींनी एक लोखंडी कपाट भरले आणि लिहिलेले एकही पान त्यात नव्हते. त्यानंतर चौदा महिने मी मार्गदर्शकांना तोंड दाखविले नाही. जसजसे दिवस गेले, तसतसे रिकाम्या हाताने जाणे अशक्य झाले. आणि भरलेल्या हाताने जाण्यासाठी जे लिहायचे, ते इतक्या दिवसांच्या विलंबाला शोभेल असे असले पाहिजे, या विचाराने लेखणी अधिकच अडखळली.

शेवटी महाविद्यालयाच्या कार्यालयात त्यांचाच दूरध्वनी आला. ते रागावले नाहीत आणि धीरही दिला नाही. म्हणाले, "प्रकरण आणू नका. कोणत्याही एका परीक्षणावर दोन पाने लिहा आणि शनिवारी या." मी दोन पाने नेली. त्यांनी एक वाक्य खोडले, एका विधानाला पुरावा मागितला आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या परीक्षणावर दोन पाने आणायला सांगितले. त्या दिवशी परतताना गेल्या चौदा महिन्यांत न आलेला हुरूप आला. हुरूप आला म्हणून मी लिहिले नव्हते; दोन पाने झाली म्हणून हुरूप आला होता. हा क्रम मला त्या वेळी प्रथम उमगला.

२

कामाचे माप म्हणजे काय, हे समजण्यासाठी पुण्यातीलच एका थोर संशोधन प्रकल्पाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. १९२५ मध्ये वि. स. सुकथनकर प्रमुख संपादक झाले. १९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला, आणि संपूर्ण संहिता पुरी व्हायला १९६६ साल उजाडले. दरम्यान १९४३ मध्ये सुकथनकर निवर्तले, पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी संपादनाची धुरा वाहिली.

एवढे अवाढव्य काम सत्तेचाळीस वर्षे कशाच्या बळावर चालले? ध्येयनिष्ठेच्या बळावर, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. पाठांची जुळणी करणाऱ्यांच्या पुढ्यात रोज महाभारत नसे. एक कागद असे. रकाने आखलेल्या त्या मोठ्या तावावर एक श्लोक लिहिलेला असे आणि निरनिराळ्या हस्तलिखितांत त्या श्लोकातील अक्षरे जेथे वेगळी आढळतील, तेथे ती त्या त्या रकान्यात भरावयाची असत. एक ताव भरला की दुसरा. लक्षश्लोकी ग्रंथाचे काम एका श्लोकाच्या मापात आणून बसविले होते, म्हणूनच ते एका माणसाच्या मृत्यूने खंडित झाले नाही.

या प्रकल्पातील दुसरी गोष्टही आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. हस्तलिखितांची परंपरा, पाठनिश्चितीची तत्त्वे आणि संपादनाची पद्धती यांचे सविस्तर विवेचन करणारी सुकथनकरांची विख्यात प्रस्तावना १९३३ मध्ये, आदिपर्व पुरे होताना प्रसिद्ध झाली. ती ग्रंथाच्या आरंभी छापली जाते. पण तिच्यातील सिद्धांतांना सहा वर्षे प्रसिद्ध होत आलेल्या संहितेचा आधार आहे.

संस्थेने केलेले सामूहिक काम आणि एकट्याने लिहावयाचा प्रबंध यांत भेद आहे, हे मी विसरत नाही. संस्थेला कर्मचारी असतात, विद्यार्थ्याला नसतात. पण नेमके म्हणूनच त्याला मापाची गरज अधिक असते.

३

मराठीतील प्रबंधाच्या बाबतीत हे माप कोणते? उत्तर विषयागणिक बदलेल. पण ते नोंदणीनंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांनी मिळून ठरविले पाहिजे. एखाद्या लेखकाच्या साठ कथांचा अभ्यास करावयाचा असेल, तर एक कथा आणि तिच्यावरील एक पानाचे टिपण हे माप होऊ शकते. आठवड्याला चार टिपणे झाली, तर साठ कथा पंधरा आठवड्यांत संपतात; आणि साठ पाने हाती आली म्हणजे विद्यार्थ्याला प्रथमच आपल्या विषयाचा आकार दिसू लागतो. बोलीविषयक अभ्यासात ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणाच्या दहा मिनिटांचे लेखन, संतवाङ्मयाच्या अभ्यासात एका प्रकरणाची पाठतुलना, नियतकालिकाच्या अभ्यासात एका अंकाची वर्णनात्मक नोंद, अशी मापे सहज सुचतील. अट इतकीच की, ते एका बैठकीत पुरे व्हावे आणि पुरे झाले की नाही, हे मनाच्या लहरीवर अवलंबून नसावे. 'दुसऱ्या प्रकरणावर काम केले' ही नोंद निरर्थक आहे. 'सतराव्या कथेचे टिपण झाले' ही खरी नोंद आहे.

आपल्याकडे याच्या नेमके उलट घडते. विद्यार्थी पहिल्या प्रकरणापासून लिहू लागतो, आणि पहिले प्रकरण ठरलेले असते : संकल्पना व स्वरूप. मग कादंबरी म्हणजे काय, वास्तववाद म्हणजे काय, ग्रामीणता म्हणजे काय, याविषयीच्या देशी-विदेशी व्याख्यांचे संकलन सुरू होते. या संकलनाला अंत नसतो, कारण ते कोणत्याही प्रश्नाच्या उत्तरासाठी केलेले नसते. साहित्यकृतीशी गाठ पडण्यापूर्वीच दोन वर्षे सरतात. कृतींच्या विवेचनाची प्रकरणे आधी लिहावीत आणि संकल्पनेचे प्रकरण शेवटी, असा माझा आग्रह आहे. चाळीस कथा बारकाईने वाचलेल्या विद्यार्थ्याला कोणती व्याख्या आपल्या उपयोगाची आणि कोणती केवळ शोभेची, हे कोणी सांगावे लागत नाही.

व्यापाऱ्याच्या जमाखर्चात आधी रोजकीर्द आणि मग खतावणी असते. त्या दिवशी जे घडले, ते त्या दिवशी रोजकीर्दीत नोंदले जाते. त्याची खातेनिहाय मांडणी मागाहून होते. आपला विद्यार्थी रोजकीर्द न ठेवता थेट खतावणी लिहू पाहतो. प्रत्येक संशोधकाने एक साधी वही ठेवावी आणि रोज तीन ओळी लिहाव्यात : आज काय वाचले, आज काय लिहिले, उद्या कोठून आरंभ करावयाचा. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. पाऊण तासाची बैठक असेल, तर त्यातील वीस मिनिटे 'कोठे होतो बरे' हे आठवण्यात जातात. ती या ओळीने वाचतात. ज्या दिवशी काही झाले नाही, त्या दिवशी 'काही नाही' असे तारखेसह लिहावे. कोऱ्या दिवसांची लेखी कबुली वरवर क्लेशकारक वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे चार कोरे दिवस चार महिने होत नाहीत.

४

विद्यार्थ्याला एवढे सांगून आपली जबाबदारी संपत नाही. अलीकडच्या नियमबदलांनी त्याची स्थिती अधिक अवघड केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. पदवी बंद झाली. तिच्यातील उणिवा मी जाणतो. तथापि, शंभर-सव्वाशे पानांचा लघुप्रबंध लिहून पाहण्याची ती एक तालीम होती. आता पदव्युत्तर परीक्षेतील उत्तरे आणि फार तर एक छोटा प्रकल्प लिहिलेला विद्यार्थी एकदम पीएच.डी.च्या प्रबंधाला हात घालतो.

बाह्य प्रलोभनाचेही तसेच. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी विद्यापीठीय विभागांतील सहायक प्राध्यापक पदासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य केली, ती तारीख पुढे जुलै २०२३ वर गेली, आणि २०२३ मध्ये ही अटच काढून नेट किंवा सेट ही किमान पात्रता पुरेशी ठरविण्यात आली. पाच वर्षांत नियम असा फिरला. ज्यांनी केवळ त्या नियमासाठी नोंदणी केली होती, त्यांच्या संशोधनाचा आधार एका अधिसूचनेने गेला. नोकरीची इच्छा बाळगण्यात गैर काहीच नाही. मात्र सहा वर्षे पुरणारे इंधन तिच्यात नाही, हे विद्यार्थ्याला आरंभीच सांगितले पाहिजे.

२०२२ च्या विनियमांत एक तरतूद मात्र चांगली आहे. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असावी आणि दर सत्रात त्याने तिच्यापुढे आपल्या कामाची प्रगती मांडावी, असे त्यांत म्हटले आहे. प्रत्यक्षात काय होते? विद्यार्थी दहा मिनिटे बोलतो, समिती 'प्रगती समाधानकारक' असा शेरा लिहिते, सह्या होतात आणि चहा येतो. विद्यार्थ्याने लिहिलेले पान कोणीही वाचलेले नसते. ही समिती तपासणी नाक्यासारखी झाली आहे. तेथे कागद दाखवावयाचे असतात, काम नव्हे.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : प्रत्येक विभागाने महिन्यातून एकदा अपुऱ्या लेखनाच्या वाचनाची बैठक घ्यावी. तेथे पुरा झालेला निबंध आणण्यास मज्जाव असावा. प्रत्येकाने चार पाने आणावीत, ती इतरांनी ऐकावीत आणि अडलेल्या जागेविषयी बोलावे. या बैठकीत शिक्षकांनीही आपले अपुरे लेखन वाचावे. आपल्या मार्गदर्शकाचे वाक्यही प्रथम मोडकेच उमटते, हे विद्यार्थ्याने एकदा पाहिले की त्याची निम्मी भीती जाईल. दुसरी सूचना : विद्यार्थ्याने दिलेले लेखन पंधरा दिवसांत लेखी अभिप्रायासह परत करण्याचे बंधन मार्गदर्शकावर असावे. सहायक प्राध्यापकाला एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात. तेव्हा हे बंधन अव्यवहार्य म्हणता येणार नाही.

यावर काही आक्षेप संभवतात. संशोधन म्हणजे गिरणीतले दळण नव्हे, त्याला चिंतनाचा अवकाश लागतो, असे म्हटले जाईल. ते खरेच आहे. पण चिंतनाला विषय लागतो, आणि तो टिपणांतून हाती येतो. कोऱ्या कागदासमोर होते ती चिंता. दुसरा आक्षेप असा की, मापाच्या मागे लागून विद्यार्थी नुसती पाने भरतील. आज यंत्राला सांगून क्षणात पाने भरून घेण्याचीही सोय झाली आहे, त्यामुळे हा धोका खरा आहे. त्यावरचा उपाय बैठकीतच आहे. स्वतः न लिहिलेल्या चार पानांविषयी सहकाऱ्यांच्या प्रश्नांना महिनोन्महिने उत्तरे देत राहणे सोपे नाही. तिसरे असे की, काहींनी प्रबंध सोडणेच योग्य असते. हेही मला मान्य आहे. विषय चुकला असेल, आयुष्याचा ओघ बदलला असेल, तर विचारपूर्वक थांबण्यात कमीपणा नाही. पण थांबण्याचा निर्णय वेगळा आणि मागच्या जिन्याने नाहीसे होणे वेगळे.

५

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीकडे पुन्हा येतो. तिच्या अर्जावर सही केल्यानंतर काही दिवसांनी मी टेबलाचा खण आवरत होतो. मूल्यमापन समितीच्या कागदांखाली तिचे तिसरे प्रकरण सापडले. पहिल्या पानावर तिने ते मला दिल्याची तारीख होती. त्या तारखेला चार महिने उलटून गेले होते आणि प्रकरणावर माझ्या हाताची एकही खूण नव्हती. या चार महिन्यांत ती दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा मी 'पाहतो' असे म्हणालो होतो. तिचे 'लिहिते आहे, सर' आणि माझे 'पाहतो' यांत फरक एवढाच होता की, तिचे विधान खरे होते.

ते प्रकरण मी त्या रात्री वाचले. ते सदोष होते, पण दुरुस्त होण्याजोगे होते, आणि त्यात निदान दोन ठिकाणी मराठी समीक्षेत अन्यत्र न आढळणारे काही होते. मी तिला सात पानांचे पत्र लिहिले. तिने आभाराचे दोन ओळींचे उत्तर धाडले. ती आता एका शाळेत शिकविते. पुन्हा नोंदणी करील की नाही, हे मी विचारलेले नाही. तो तिचा प्रश्न आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. विद्यार्थ्यांनी ठेवावी म्हणून मी जी रोजकीर्द या लेखात सुचविली, ती आता मीही ठेवतो. तिच्यात एक रकाना अधिक आहे : कोणाचे लेखन कोणत्या तारखेला माझ्याकडे आले आणि कोणत्या तारखेला परत गेले. विभागातील प्रत्येक मार्गदर्शकाने हा रकाना एक वर्षभर प्रामाणिकपणे भरून पाहावा. विद्यार्थ्यांची चिकाटी कोठे कमी पडते, याविषयी आपण त्यानंतर बोलू.